कायदा-थरार मालिका ऑडिओबुकवर : कोण काय ऐकतंय?

कानसेन
मंडळी, सध्या मायकेल कॉनेलीची मिकी हॅलर मालिका ऐकतोय. हॅलर म्हणजे लॉस एंजेलिसमधला फौजदारी वकील, ज्याचं ऑफिस लिंकन गाडीच्या मागच्या सीटवर चालतं. पहिलं पुस्तक 'द लिंकन लॉयर', २००५ सालचं. काही भाग पूर्वी छापील वाचले होते, आता पहिल्यापासून कानांनी घेतोय आणि एक गोष्ट पक्की झालीय. पाठलाग, मारामारी, धावपळ ऐकताना माझं मन भरकटतं. उलटतपासणी सुरू झाली की मात्र हातातलं काम थांबतं.

याचं कारण मला असं वाटतं की कोर्टाचा सगळा व्यवहारच मुळात तोंडी आहे. साक्षीदाराने नुसती मान हलवली तर न्यायाधीश टोकतात, तोंडाने उत्तर द्या. साक्षीदाराने आरोपीकडे बोट दाखवलं की वकील लगेच म्हणतो, साक्षीदाराने आरोपीला ओळखल्याची नोंद व्हावी. हे सगळं खरं तर कोर्टाच्या लघुलेखकासाठी चाललेलं असतं. पण डोळे मिटून ऐकणाऱ्याला त्यातून अख्खं कोर्ट दिसतं. लेखकाला वेगळं वर्णन करावंच लागत नाही.

तुम्ही कोणत्या मालिका ऐकल्यात? मधेच नॅरेटर बदलला तर चालतं का? रहस्य फोडू नका, फोडायचंच असेल तर वर ठळक इशारा द्या.

दीडपट
हजेरी लावून ठेवतो. आयडीवरून स्पीड कळलाच असेल.

मधली_सुट्टी
वा, धागा आवडला. मी अजून एकही ऑडिओबुक पूर्ण ऐकलेलं नाही. झोपताना लावते आणि पहिल्याच प्रकरणात गारद. स्लीप टायमर लावला तरी दुसऱ्या दिवशी कुठपर्यंत ऐकलं होतं ते सापडत नाही. खटल्याच्या गोष्टीत तर एक साक्षीदार हुकला की सगळंच मुसळ केरात ना?

कानसेन
@मधली_सुट्टी, ताई, झोपताना हा प्रकार अजिबात नको. झोपेसाठी प्रवासवर्णन वगैरे लावा. कायदा-थरार चालताना, आवरताना, इस्त्री करताना. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं, असं काम हवं.

शेवटचं_पान
मी छापील पक्षाचा, त्यामुळे विरोधी सूर लावतो. या प्रकारच्या पुस्तकात तारखा, वेळा, कोण कधी कुठे होतं, याला सगळं महत्त्व. कागदावर मी चाळीस पानं मागे जाऊन ताडून बघतो. कानाने कसं ताडणार? नॅरेटर गाडीचा नंबर किंवा ईमेलचा पत्ता एकेक अक्षर वाचायला लागला की कीव येते. शिवाय नावं! दोन पोलीस अधिकाऱ्यांची नावं एकाच अक्षराने सुरू झाली की कानाला दोघंही सारखेच.

तिरपागडा
+१. आणि कोर्टाच्या नोंदी जशाच्या तशा पुस्तकात घातलेल्या असतात तो भाग तर संपता संपत नाही. 'प्रश्न.' 'उत्तर.' 'प्रश्न.' 'उत्तर.' कागदावर ती दोन अक्षरं डोळ्याला दिसतही नाहीत. कानात मात्र प्रत्येक वेळी हातोडा.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. नॅरेटरला निकाल आधीच माहीत असतो. मध्ये एक मालिका ऐकली, नाव मुद्दाम देत नाही. त्यात एक भला शेजारी साक्ष द्यायला येतो. पुस्तकात त्याच्याबद्दल संशयाचं अवाक्षर नाही. पण वाचणाऱ्याने त्याला असा तेलकट, गुळगुळीत आवाज दिला की पहिल्या वाक्यालाच कळलं, हाच तो. पुढचे सहा तास मी फक्त लेखक कधी कबूल करतोय याची वाट बघत बसलो.

कानसेन
@तिरपागडा, अगदी खरं दुखणं. माझ्या मते चांगल्या नॅरेटरची परीक्षा खोटारड्या साक्षीदारावरच होते. खोटं बोलणाऱ्याला आपण खरं वाटायला हवंय, म्हणजे वाचणाऱ्यानेही तो खराच वाटेल असं वाचायला हवं. प्रत्येक पात्राची बाजू त्या पात्रापुरती शंभर टक्के खरी. निवाडा आपण करू, आपल्याला करू दे.

वकीलबाई
या धाग्यावर राहवलं नाही. पेशाने वकील आहे, आणि अमेरिकन कोर्टावरच्या कादंबऱ्या ही माझी करमणूक.

खोटारड्या साक्षीदाराचा मुद्दा फार मोलाचा निघालाय. तिथे ज्यूरीला, म्हणजे निवाडा करायला बसवलेल्या सामान्य नागरिकांना, न्यायाधीश ज्या सूचना देतात त्यात हे स्पष्ट असतं की साक्षीदार काय बोलला याबरोबर कसा बोलला हेही विचारात घ्या. अडखळला का, प्रश्न टाळला का, आवाज चढला का. हे सगळं ज्यूरीच्या हक्कात येतं. आणि अपील झालं की वरच्या कोर्टात साक्षीदार येतच नाही, येतो तो कागद. टंकलिखित साक्ष. म्हणूनच कोणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा या बाबतीत वरचं कोर्ट सहसा खालच्या कोर्टाच्या निष्कर्षात हात घालत नाही. ज्यांनी आवाज ऐकला त्यांना जास्त कळलं असणार, असं धरून चालतात.

तेव्हा @शेवटचं_पान, तुम्ही अपील कोर्टात बसलाय. @कानसेन ज्यूरीच्या खोक्यात. पुस्तक एकच, कामं निराळी.

शेवटचं_पान
मानलं, मुद्दा भारी आहे. पण मी अपील कोर्टातच खूश आहे. ज्यूरी आवाजाला भुलते! आणि तुम्ही ऐकता तो साक्षीदाराचा आवाज कुठे असतो? एका नटाने काढलेली ती नक्कल. म्हणजे तुम्ही ज्यूरीसुद्धा नाही, ज्यूरीला कोणीतरी येऊन साभिनय सांगितलेली हकिगत ऐकताय.

वकीलबाई
हा हा, आक्षेप मंजूर. ऐकीव पुरावा!

पण तुमच्या पहिल्या तक्रारीवर मात्र उत्तर आहे. ज्यूरीलाही मागची पानं उलटता येत नाहीत. टिपणं घ्यायची की नाही हे बऱ्याच ठिकाणी न्यायाधीश ठरवतात. खलबतात बसल्यावर एखादी साक्ष नीट आठवली नाही, तर ज्यूरी चिठ्ठी पाठवून तेवढा भाग पुन्हा वाचून दाखवा अशी विनंती करू शकते. ऑडिओबुकमधलं तीस सेकंद मागे जायचं बटण म्हणजे तेच. चांगले वकील हे ओळखून असतात, म्हणून महत्त्वाची तारीख साक्षीदाराच्या तोंडून तीनदा वदवून घेतात. चांगला लेखकही तेच करतो. ज्या कादंबरीत कानाने तारीख हुकते, त्यातल्या वकिलाने ती ज्यूरीपर्यंतही धड पोचवलेली नसते.

मधली_सुट्टी
वकीलबाई, एक प्रश्न विचारू का? हे वकील, अशील दोषी आहे हे कळल्यावरही लढतात कसे? 'लिंकन लॉयर'चा सिनेमा पाहिलाय (२०११ चा, मॅथ्यू मॅकॉनहीचा), तेव्हापासून डोक्यात आहे.

वकीलबाई
सिनेमा पाहिलाय म्हणजे तुम्हाला गाभा माहीत आहे, त्यामुळे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जपून लिहिते.

अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं गुपित राहतं. झालेल्या गुन्ह्याची कबुली वकिलाने बाहेर फोडायची नाही. पुढे करायच्या गुन्ह्यासाठी वकिलाचा सल्ला वापरला तर हे संरक्षण नाही. आणि दोषी आहे हे माहीत असलं तरी सरकारी पक्षाने गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध केला का, हे तपासणं वकिलाचं कामच आहे. एक मात्र करता येत नाही : खोटी साक्ष द्यायला जाणूनबुजून अशिलाला उभं करणं. 'निक्स विरुद्ध व्हाइटसाइड' या १९८६ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की खोटं बोलण्यासाठी वकिलाची मदत मिळावी असा आरोपीला हक्क नाही.

कॉनेलीने पहिल्या पुस्तकात हीच गुपिताची भिंत वकिलाच्या चारी बाजूंनी उभी केलीय. आणि ते प्रथमपुरुषी आहे. हॅलर कोणालाच सांगू शकत नाही, फक्त आपल्याला सांगतो, तेही थेट कानात. ऑडिओवर त्याचा गळफास जास्त घट्ट बसतो.

तिरपागडा
प्रथमपुरुषी निवेदन म्हटलं की स्कॉट टूरोचं 'प्रिझ्युम्ड इनोसन्ट' (१९८७) आठवतं. सरकारी वकिलावरच खुनाचा आरोप, आणि गोष्ट सांगणारा तोच. आपल्याशी बोलणारा माणूस सगळं सांगतोय का, हा प्रश्न छापील पुस्तकातही असतोच. पण तोच आवाज तासन् तास कानात राहिला की आपण नकळत त्याच्या बाजूचे होऊन जातो. कॉनेली पत्रकार होता, टूरो मात्र स्वतः शिकागोत सरकारी वकील होता आणि लोकलने कामावर जाता-येता त्याने हे लिहिलंय. दैनंदिन कोर्ट कसं कंटाळवाणं असतं हे त्याला बरोबर माहीत आहे, आणि तो कंटाळाही त्याने कामाला लावलाय.

पांढरी_काठी
मी दृष्टिहीन आहे, त्यामुळे छापील की ऑडिओ हा वाद माझ्यासाठी नाही. पण धागा वाचून (म्हणजे स्क्रीन रीडरकडून ऐकून) दोन शब्द लिहावेसे वाटले.

बोलकी पुस्तकं तुमच्या फोनच्या कितीतरी आधीची आहेत. अमेरिकेत १९३० च्या दशकात अंध वाचकांसाठी ती तबकड्यांवर निघाली. एका बाजूला साधारण पंधरा मिनिटांचं वाचन. म्हणजे उलटतपासणी रंगात आली की उठून तबकडी उलटा! आता डेझी या अंध वाचकांसाठीच्या डिजिटल पद्धतीच्या पुस्तकात प्रकरण, उपप्रकरण, पान असं उड्या मारत जाता येतं, त्यामुळे @शेवटचं_पान यांच्यासारखं मागे जाऊन ताडणं मलाही जमतं. साध्या ऑडिओबुकमध्ये ही सोय फार तोकडी असते. प्रकरणांना नुसते आकडे. 'सतरा' म्हणजे कोणाची साक्ष, कसं कळणार?

नॅरेटरच्या अभिनयाबद्दल : मी एकच पुस्तक स्क्रीन रीडरच्या यांत्रिक आवाजातही ऐकलंय आणि माणसाच्याही. यांत्रिक आवाज कोणाचीच बाजू घेत नाही. खुनी, साक्षीदार, न्यायाधीश, सगळ्यांना एकच सूर. @तिरपागडा यांचा तेलकट शेजारी तिथे कधीच पकडला गेला नसता. रहस्यकथेला मी मुद्दाम तोच आवाज लावतो. पण वकिलाचं समारोपाचं भाषण आलं की माणूसच हवा. सपाट आवाजात समारोप ऐकला की वाटतं, आरोपीला सुळावर जाऊ दे पण हे थांबवा.

कानसेन
@पांढरी_काठी, फार सुरेख प्रतिसाद. रहस्याला यंत्र आणि समारोपाला माणूस ही वाटणी मला सुचलीच नसती.

दीडपट
समारोप मीसुद्धा १ वर आणतो. सरतपासणी (वकील स्वतःच्याच साक्षीदाराला प्रश्न विचारतो ती) दीडपट. दोन्ही बाजूंचे वकील न्यायाधीशांपाशी जाऊन कुजबुजतात तो भाग मात्र स्पीकरवर काहीच कळत नाही, कारण नॅरेटरही कुजबुजतो. हेडफोनच हवेत.

वकीलबाई
ती कुजबुज ज्यूरीला ऐकू जाऊ नये म्हणूनच असते. काही कोर्टांत त्या वेळी खोलीत मुद्दाम खरखर आवाज सोडतात. स्पीकरवर तुम्ही प्रामाणिक ज्यूरर झालात इतकंच!

रातराणी
मालिकेबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून मी. हॅलरच्या पुस्तकांत पहिलं अ‍ॅडम ग्रपरने वाचलंय आणि 'द ब्रास व्हर्डिक्ट'पासून (२००८) पीटर जाइल्स. दुसरं सुरू केलं आणि पहिला तासभर मला वाटत होतं, हा कोण परका माणूस हॅलरच्या गाडीत येऊन बसलाय? पुस्तकात पात्र तेच, बोलायची ढब तीच, विनोद तेच. पण आवाज बदलला की ओळख नव्याने करून घ्यावी लागते. नंतर जाइल्स इतका अंगवळणी पडला की आता पहिलं पुन्हा ऐकवत नाही.

गंमत म्हणजे हॅलरचा सावत्र भाऊ हॅरी बॉश, ज्याची स्वतःची मोठी मालिका आहे. 'द रिव्हर्सल'मध्ये (२०१०) हॅलरची प्रकरणं प्रथमपुरुषी आणि बॉशची तृतीयपुरुषी, दोन्ही जाइल्सच वाचतो. पुढे 'रेझरेक्शन वॉक'मध्ये (२०२३) बॉशचा भाग टायटस वेलिव्हरकडे, ज्याने पडद्यावरही बॉश साकारलाय. तिथे ऐकणाऱ्याचं काम अर्धं होतं. आवाज बदलला, म्हणजे माणूस बदलला.

दुसरी तक्रार : प्रत्येक भागात तीच ओळखपरेड. मॅगी पहिली बायको आणि सरकारी वकील. लॉर्ना दुसरी बायको, जी त्याचं ऑफिस सांभाळते. सिस्को त्याचा तपासनीस. सलग ऐकणाऱ्याला हे किती वेळा? कागदावर नजर सरकवता येते. कानाला पापण्या नसतात.

शेवटचं_पान
शेवटचं वाक्य चोरतोय.

कानसेन
@रातराणी, म्हणूनच मी सलग ऐकत नाही. दोन भागांच्या मधे दुसरं काहीतरी घेतो. तेवढ्या वेळात लॉर्ना कोण हे विसरायला होतं आणि ओळखपरेड उपयोगी पडते. लेखकाने ती मुळात वर्षा-दोन वर्षांनी पुढचा भाग हातात घेणाऱ्यासाठी लिहिलेली असते, एका दमात चार भाग ऐकणाऱ्यासाठी नाही.

'रेझरेक्शन वॉक'चा विषय निघालाच आहे तर : त्यातली मुख्य सुनावणी ज्यूरीपुढे नाहीच, केंद्रीय न्यायालयात एकट्या न्यायाधीशापुढे आहे, कारण शिक्षा झालेल्या बाईची सुटकेची याचिका आहे. हॅलरचा सगळा आवाजच त्यामुळे बदलतो. ज्यूरीपुढे तो थोडा नट असतो. इथे नाटकीपणा अंगाशी येणार हे त्याला ठाऊक आहे, आणि जाइल्सने तो फरक नेमका पकडलाय.

तिरपागडा
कोणी अर्ल स्टॅन्ले गार्डनरच्या पेरी मेसन या वकिलाबद्दल बोलणार आहे की नाही? १९३३ पासून ऐंशीहून जास्त कादंबऱ्या. आणि गार्डनर कादंबऱ्या लिहीत नव्हता, सांगायचा! तो बोलायचा आणि सेक्रेटरी टंकलिखित करायच्या. पान उघडाल तर संवादच संवाद, वर्णन जेमतेम. टीव्हीच्या आधी मेसन रेडिओवर होता, १९४३ ते १९५५. तोंडातून निघालेलं साहित्य कानात जायला वेळ लागत नाही. माझ्यासारख्या चंचल माणसाला तर हेच सोपं : पुस्तकं आटोपशीर, एक सुटं ऐकलं तरी चालतं, मागचं काही आठवावं लागत नाही.

वकीलबाई
मेसनचे साक्षीदार भर कोर्टात उभे राहून गुन्हा कबूल करतात, हे मात्र वकिलाच्या पोटात दुखवतं. :) प्रत्यक्षात खटलाच क्वचित उभा राहतो. २०१२ च्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच आकडे दिलेत : केंद्रीय न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा या गुन्हा कबूल केल्यामुळे झालेल्या असतात. म्हणजे सगळा खेळ तडजोडीचा. हॅलर मालिका मला आवडते ती त्यासाठीच. तो आधी सौदा करायला बघतो. कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये सरकारी वकिलाशी दबक्या आवाजात चाललेली घासाघीस ऐकताना मला घरी असल्यासारखं वाटतं.

मधली_सुट्टी
कायद्याची पुस्तकं म्हटल्यावर ग्रिशमचं नाव अजून कसं आलं नाही? त्याची मालिका आहे का, की सगळी सुटी?

रातराणी
बहुतेक सुटी. पण जेक ब्रिगन्स या वकिलाची तीन आहेत : 'अ टाइम टू किल' (१९८९), 'सिकॅमोर रो' (२०१३), 'अ टाइम फॉर मर्सी' (२०२०). तिन्ही मायकेल बेकने वाचलीत, म्हणजे रातोरात आवाज बदलल्याचा त्रास नाही. मिसिसिपीतलं छोटं गाव, त्यामुळे दाक्षिणात्य हेल. सुरुवातीला कान लावावा लागतो, नंतर गावातल्या कोणत्या माणसाचा हेल किती जड यावरूनच त्याची पायरी कळते. छापील पुस्तकात हे मला कधीच ऐकू आलं नव्हतं.

वकीलबाई
ब्रिगन्सची पुस्तकं क्रमानेच ऐका, आणि लेखनाच्या नाही तर कथेच्या सालाकडे लक्ष ठेवा. पहिल्या पुस्तकातला खटला १९८५ चा. सरकारी पक्ष कारण न देता नावं वगळून ज्यूरीतून कृष्णवर्णीय लोक काढून टाकतो आणि सगळी ज्यूरी गोरी उरते. 'बॅट्सन विरुद्ध केंटकी' हा निकाल आला १९८६ ला, ज्याने वंशावरून असं वगळणं घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे ब्रिगन्स एक वर्ष आधी उभा आहे, आणि तुम्हाला ते माहीत आहे पण त्याला नाही.

'सिकॅमोर रो' १९८८ मध्ये सुरू होतं. तोवर बॅट्सन आलेला आहे. पण तो खटला मृत्युपत्राचा, म्हणजे दिवाणी, आणि दिवाणी खटल्यांना तो नियम लागू झाला १९९१ मध्ये. एका श्रीमंत गोऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहून जवळजवळ सगळी मालमत्ता कृष्णवर्णीय मोलकरणीला दिलीय, आणि ज्यूरी निवडायची आहे. ज्यूरी निवडीची प्रकरणं लोक कंटाळून पुढे ढकलतात. ढकलू नका. ग्रिशमच्या पुस्तकात खटला तिथेच जिंकला किंवा हरला जातो, साक्षी नंतर.

दीडपट
ज्यूरी निवड मी दोनपट ऐकली होती. आता १ वर पुन्हा लावतो, तुमच्यामुळे.

शेवटचं_पान
बरं, अपील कोर्ट एक प्रयोग करायला तयार आहे. 'सिकॅमोर रो' छापील वाचलेलं नाही, ते थेट ऐकायला घेतो. मृत्युपत्राची गोष्ट आहे म्हणजे कागद आलाच, बघू कानाने तो कसा वाचता येतो. ज्यूरीतल्या माणसांची नावं लिहून ठेवायला वही घेतली तर चालेल ना?

वकीलबाई
न्यायाधीशांची परवानगी असेल तर.

कानसेन
परवानगी आहे. फक्त ज्यूरी आत जाईपर्यंत निकालावर इथे चर्चा करायची नाही, आणि शेवटचं प्रकरण आधी लावायचं नाही. आयडी बघून सांगतोय.

शेवटचं_पान
आक्षेप! चारित्र्यहनन.

कानसेन
फेटाळला.